डावणीचं औषध आणि टीबीची गोळी

द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगावर एकच बुरशीनाशक सारखं मारलं की ते पुढे चालेनासं होतं, हे दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला शिकवावं लागत नाही. तो औषधं बदलून, मिसळून फवारतो. टीबीच्या उपचारामागचं गणितही हेच.

टीबीने पोखरलेल्या फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यात आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, असा आपसूक निपजतो. एकच औषध दिलं तर नेमके हे चिवट मागे उरतात आणि वाढतात. दोन्ही एकदम दिली तर दोन्हींतून निसटणारा जंतू सापडणं जवळपास अशक्य. जोडीला पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. आता ही चारही औषधं एकाच गोळीत येतात. किती गोळ्या, ते वजनकाटा सांगतो. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार, रोज. लघवी केशरी झाली तर घाबरू नये, तो रिफाम्पिसिनचा रंग. (गोळी खरंच पोटात गेली का, हे आशाताईंना त्यावरूनही कळतं.)

दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. जुनी, स्वस्त औषधं. सरकारी दवाखान्यात तर फुकट. तरी २०२४ च्या मार्चमध्ये पुरवठा आटला आणि केंद्राला राज्यांना सांगावं लागलं, तुमच्या पातळीवर खरेदी करा.

पुरवठा सुरळीत असतानाही गोळी अडते ती वाटेत. सुरगाणा-पेठचा मजूर ऑक्टोबर छाटणीला टोळीबरोबर निफाड-दिंडोरीत उतरतो. गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात, तो बागेत. टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर त्याचं नाव जवळच्या केंद्रात वळवता येतं, पण तिथवर जायचं म्हणजे एक खाडा. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते), पण बुडालेली रोजी त्यातूनच भरायची, तर खायचं काय?

औषध रुग्णाच्या मुक्कामी न्यावं, ही कल्पना नवी नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात घरी राहून औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांच्या तोडीस तोड बरे झाले होते. मला वाटतं, टोळी निघायच्या आधीच महिन्याच्या गोळ्या मजुराच्या हातात द्याव्यात. ४५ किलोच्या माणसाच्या चार आठवड्यांच्या गोळ्या होतात ८४. भाकरीच्या फडक्यात सहज मावतील.