मॅक्रो छायाचित्रण, पाण्याखालील

किनाऱ्यालगतच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना समुद्री गोगलगायी, कोळंब्या, खेकडे, लहान ऑक्टोपस अशा अपृष्ठवंशी प्राण्यांची अगदी जवळून छायाचित्रे घेण्याची पद्धत. कॉस्टासिएला कुरोशिमी ही हिरवी गोगलगाय जेमतेम ५ ते ८ मिमी भरते. ती शैवालाच्या पानावर शोधण्यातच निम्मी हवा संपते.

इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या ईशान्य टोकाला, बितुंग बंदरासमोरची लेंबेह सामुद्रधुनी यासाठी विशेष नावाजलेली आहे. तळाला ज्वालामुखीची काळी वाळू, तिच्यावर बाटल्या, दोरखंड आणि बंदरातला कचरा. प्रवाळ पाहायला आलेल्याचा इथे विरस होईल. पण २००५ साली शास्त्रीय वर्णन झालेला मिमिक ऑक्टोपस अशाच वाळूत राहतो. अशा तळावरच्या बुडीला ‘मक डायव्हिंग’ म्हणतात.

पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषते, त्यामुळे दहा मीटरवर लाल गोगलगायही काळपट दिसते. खरा रंग स्ट्रोबच्या, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या फ्लॅशच्या उजेडातच उमटतो. स्ट्रोब लेन्सला चिकटून सरळ रोखला, तर मधले कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके येतात. म्हणून तो बाजूला, किंचित बाहेर वळवून धरतात. साधारण ६० किंवा १०० मिमीची मॅक्रो लेन्स वापरतात. लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान ठेवूनही काही मिलिमीटरच स्पष्ट येतात, तेव्हा फोकस गोगलगायीच्या डोक्यावरच्या, गंध टिपणाऱ्या शिंगांवर धरावा. छाती भरून श्वास घेतला की शरीर वर उचलले जाते आणि चौकट हुकते. त्यामुळे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा पाण्यात स्थिर तरंगण्याचा सराव जास्त उपयोगी. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका गाळ उडवतो आणि मागून येणाऱ्यांचीही बूड वाया जाते.

चांगली पार्श्वभूमी मिळावी म्हणून काठीने प्राणी उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय वाईटच. न्युडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींच्या अनेक जाती ठरावीक स्पंज किंवा हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे, दंश करणारे छोटे प्राणी) यांवरच जगतात. काही तर हायड्रॉइडच्या दंशपेशी न फुटता गिळून स्वतःच्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांत साठवतात. जागा बदलली की प्राण्याचे अन्न सुटते आणि तो काय खातो, अंड्यांची फीत कुठे घालतो, ही छायाचित्रातली सर्वांत मोलाची माहितीही पुसली जाते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील नेल्सन बे येथे २०१३ साली डायव्हरांच्या छायाचित्रांवरून समुद्री गोगलगायींची गणना सुरू झाली. उष्ण पाण्यातल्या काही जाती नेहमीच्या क्षेत्राच्या दक्षिणेला आढळल्याच्या नोंदी अशा गणनांतून मिळाल्या. शिंगे, कल्ले आणि पाठीची कडा स्पष्ट दिसणारे साधे छायाचित्र, सोबत तारीख, जागा आणि खोली, एवढे ओळखीसाठी बहुधा पुरते.