‘टेस्ट’ नावाची नोंद पुसताना

बँकेच्या सर्व्हरवर सुरक्षा पॅच चढवायचा असो की विमान कंपनीच्या आरक्षण प्रणालीची नवी आवृत्ती आणायची असो, मोठ्या संस्थांत त्याआधी ‘चेंज रिक्वेस्ट’ भरावी लागते. बदल कोणता, कोणत्या यंत्रावर, किती वाजता, बिघडलं तर मागे कसं यायचं आणि मंजुरी कोणाची, हे सगळं त्या नोंदीत येतं. ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात आयटीआयएल ही आयटी सेवा सांभाळण्याची मार्गदर्शक चौकट आकाराला आली आणि या शिस्तीला जगभर मान्यता मिळाली. सर्व्हिसनाऊ, बीएमसी रेमेडी, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट ही त्यासाठीची परिचित सॉफ्टवेअर. पुण्यातले कितीतरी इंजिनीअर दिवसभर यांच्यातच काम करतात.

नवी प्रणाली सुरू होण्याआधी टीम ती वापरून बघते. ‘टेस्ट १’, ‘टेस्ट फायनल’, ‘कृपया दुर्लक्ष करा’ अशा विनंत्यांचा ढीग जमतो. गो-लाइव्ह, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणण्याचा दिवस, जवळ आलं की मागणी येते: हा कचरा काढून टाका.

रेमेडीचंच उदाहरण बघू. तिथे प्रत्येक चेंजला ‘सीआरक्यू’ या अक्षरांपुढे १२ आकडी क्रमांक मिळतो. पडद्यावर एकच फॉर्म दिसतो, पण त्यामागे बरंच काही पसरलेलं असतं. कामाच्या टिपणांचा वर्कलॉग एकीकडे, टास्क दुसरीकडे, मंजुरीच्या सह्या तिसरीकडे, आणि हा चेंज कोणत्या सर्व्हरशी किंवा इन्सिडंटशी (बिघाडाच्या नोंदीशी) जोडलाय ती नाती आणखी कुठेतरी. शिवाय एकेका फॉर्मसाठी डेटाबेसमध्ये वेगवेगळी टेबलं असतात: ‘टी’ने सुरू होणाऱ्या टेबलात मूळ मजकूर, ‘एच’मध्ये स्टेटस कधी बदललं त्याचा इतिहास, ‘बी’मध्ये जोडलेल्या फाइलींची माहिती.

आता कोणी घाईने थेट डेटाबेसमध्ये शिरून ‘टी’ टेबलातल्या ओळी डिलीट केल्या, तर बाकीचं सगळं जागेवरच राहतं. मंजुरी देणाऱ्या साहेबांच्या यादीत ‘प्रलंबित’ म्हणून एक सही दिसत राहू शकते, आणि उघडायला जावं तर मागे चेंजच नाही. अशा नोंदींना अनाथ नोंदी म्हणतात.

हे टाळण्याची कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याचं रिलेशनल मॉडेल मांडलं आणि त्यातूनच पुढे ‘फॉरेन की’, म्हणजे एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या मूळ ओळीकडे दाखवलेलं बोट, रुळली. मूळ ओळ पुसायला गेलात तर डेटाबेस एकतर अडवतो, नाहीतर सांगून ठेवलं असेल तर तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळीही पुसतो. पण रेमेडीसारख्या प्रणालीत ही नाती मुख्यतः ॲप्लिकेशनच्या नियमांत सांभाळलेली असतात. थेट डेटाबेसमधून गेलात की त्या नियमांना पत्ताच लागत नाही. म्हणून पुसायचंच असेल तर ॲप्लिकेशनमधूनच पुसावं, यावर माझं मत ठाम आहे.

पुसलेलं लगेच नाहीसं होतं असंही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डिलीट केलेली ओळ फक्त मृत ठरते. तिची जागा ‘व्हॅक्यूम’ ही प्रक्रिया नंतर मोकळी करते. आणि वापरला गेलेला क्रमांक सहसा पुन्हा कोणाला मिळत नाही. टेस्टचे क्रमांक काढले की मालिकेत खिंडार पडतं, आणि ऑडिटर नेमका तिथेच बोट ठेवतो.

सर्वांत मोठा धोका मात्र यादीत असतो. ‘शीर्षकात टेस्ट असेल ते सगळं पुसा’ ही अट लावून बघा. त्यात ‘लेटेस्ट पॅच बसवणे’ येतं, ‘लोड टेस्टसाठी क्षमता वाढवणे’ही येतं. दोन्ही खरी कामं.

५ एप्रिल २०२२ रोजी जिरा बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ग्राहकांच्या साइटवरून ‘इनसाइट’ नावाचं जुनं स्वतंत्र ॲप काढायचं होतं. एका टीमने दुसरीला आयडींची यादी दिली. हवे होते ॲपचे आयडी, गेले अख्ख्या साइटचे. पुसणारा एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगण्याचं दार) दोन्ही प्रकारचे आयडी काही न विचारता स्वीकारत होता. २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या साइट बंद पडल्या आणि काहींना त्या परत मिळायला तब्बल १४ दिवस लागले. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: हे काम रीतसर चेंज प्रक्रियेतून गेलं होतं, सहकाऱ्यांनी तपासलंही होतं. पण तपासणी झाली ती एपीआयला हाक कशी मारली जाते याची. आयडी नेमके कशाचे आहेत, हे पडताळलं गेलं नाही. त्यात नवलही नाही. सर्व्हिसनाऊमधला आयडी ३२ अक्षर-अंकांचा असतो. नुसतं बघून तो कशाचा आहे हे कोण सांगणार?

म्हणून पुसण्याआधी तीच अट लावून आधी फक्त यादी काढावी, आणि आयडीशेजारी शीर्षक, भरणाऱ्याचं नाव व तारीख छापून ती वाचावी. खरी एकही नोंद आलेली नसेल, तोवर सफाई करायला हरकत नाही. एकदा प्रणाली चालू झाली की मात्र टेस्ट नोंद ‘रद्द’ करून ठेवणंच बरं. सातबाऱ्यावर जुनं नाव खरवडून काढत नाहीत; त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. इथेही स्टेटस ‘रद्द’, कारणाच्या रकान्यात ‘चाचणी’, आणि अहवालांतून ते कारण वगळणारी एक गाळणी, एवढं केलं की महिन्याचे आकडे स्वच्छ येतात आणि क्रमांकांची साखळीही अखंड राहते.