ई-बर्ड की आयनॅचरलिस्ट? कोकणातील निसर्गनोंदींच्या दोन वेगळ्या व्यवस्था

हर्णै-आंजर्ल्याच्या वाळूवर हिवाळ्यात उतरणारे कुरव, रत्नागिरीच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) पावसाळ्यात फुलणारी दीपकाडी किंवा मालवणच्या खडकांत ओहोटीला दिसणारी एखादी अनोळखी समुद्री गोगलगाय यांचा नाद असलेला माणूस आपल्या गावात बहुधा एकटाच असतो. अशा विखुरलेल्या माणसांना जोडणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थांपैकी ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट ही दोन नावे अनेकदा एकाच अर्थाने घेतली जातात. दोन्ही विनामूल्य आहेत, दोन्ही मोबाइलवर चालतात आणि दोन्हींमधील माहिती पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या माहितीच्या जागतिक भांडारात पोहोचते, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. एक पक्ष्यांसाठी आणि दुसरी सर्व सजीवांसाठी एवढा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. नोंद नेमकी कशाची होते, हा त्याहून महत्त्वाचा फरक मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ई-बर्ड २००२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या सहकार्याने सुरू केले. तेथे नोंदीचा घटक म्हणजे यादी: ठिकाण, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चालले आणि कोणत्या जातीचे किती पक्षी दिसले. यादी पाठवताना ‘ओळखता आलेले सर्व पक्षी लिहिले आहेत का’ असे विचारले जाते आणि घोटाळा बहुतेक वेळा येथेच होतो. भाट्याच्या खाडीवर तासभर थांबून एकटा समुद्री गरुड लिहिला आणि या प्रश्नाला ‘होय’ म्हटले, तर त्या तासात तेथे कावळा, घार, बगळा यांपैकी काहीच आढळले नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. पूर्ण यादीत न आलेले नावही माहितीच पुरवते, कारण एखादी जाती शंभरातील किती याद्यांत सापडते यावरून तिची वाढ-घट अजमावली जाते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला, तो सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या नोंदींच्या आधारे. कावळा-साळुंकी लिहिण्याचा कंटाळा करून धनेशाच्या फोटोमागे धावणाऱ्या हौशी मंडळींना हे रुचणार नाही, पण माझ्या मते पंधरा मिनिटांची प्रामाणिक यादी त्या फोटोपेक्षा अधिक उपयोगाची असते.

आयनॅचरलिस्टचा उगम २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका विद्यार्थी-प्रकल्पात झाला आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. तेथे एका वेळी, एका जागी दिसलेल्या एका जिवाची नोंद होते आणि तिला फोटो किंवा आवाजाचा पुरावा जोडायचा असतो. दोनशे कुरवांचा थवा असला तरी नोंद एकच. नाव ठाऊक नसले तरी अडत नाही. ‘खेकडा’ एवढे लिहूनही काम सुरू होते, संगणक काही नावे सुचवतो आणि मग जगातील कोणी खेकड्यांचा अभ्यासक ती दुरुस्त करतो. मते देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले, की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ हा शिक्का मिळतो. मात्र त्यासाठी दोन माणसेही पुरतात. संगणकाने सुचवलेले नाव आपण स्वीकारायचे आणि मित्राने हो ला हो करायचे, अशा रीतीनेही तो मिळत असल्यामुळे त्याला तज्ज्ञाचे प्रमाणपत्र समजू नये. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक समुद्री जीव केवळ फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, तेव्हा नोंद वर्षानुवर्षे कुळापाशी थांबली तरी त्यात काही गैर नाही. (बागेतील हापूसच्या कलमाला मात्र हा शिक्का मिळत नाही, कारण ते लावलेले झाड आहे.) येथे एखाद्या सड्यावर नोंदी नसतील, तर तेथे फुले नाहीत असे म्हणता येत नाही, कोणी कॅमेरा घेऊन गेले नसेल, एवढेच.

माणसे जोडली जाण्याची रीतही यामुळे बदलते. आयनॅचरलिस्टवर ओळख प्रत्येक नोंदीखालच्या मतभेदांतून होते, आणि मालवणच्या गोगलगायीवरून दूरदेशीच्या माणसाशी वाद घालता येतो. ई-बर्डवर असा संवाद फारसा नाही. एखादी नोंद त्या भागासाठी किंवा हंगामासाठी अनपेक्षित वाटली, तर स्वयंसेवक परीक्षक खुलासा विचारतो, बाकी ओळखी सामूहिक गणना आणि एकमेकांशी सामायिक केलेल्या याद्यांमधून होतात. पक्ष्याचा आवाज ओळखणारे मर्लिन हे कॉर्नेलचेच वेगळे ॲप आहे. त्याने सुचवलेले नाव स्वतः खात्री केल्याशिवाय यादीत घालू नये.

ठिकाण लपवण्याच्या बाबतीत तर या दोघांत गल्लत करणे धोक्याचे आहे. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचे स्थान आपोआप पुसट केले जाते आणि बिंदू सुमारे २२ किलोमीटरच्या चौकटीत कोठेही उमटतो. कोकणपट्टी अरुंद असल्यामुळे सड्यावरचे फूल कधी समुद्रातही दिसते. इतर जातींसाठी हीच सोय नोंदकर्ता स्वतः निवडू शकतो. ई-बर्डवर काही मोजक्या संवेदनशील जाती झाकल्या जातात, परंतु बाकीच्या याद्यांचे ठिकाण सर्वांना दिसते. यादी सार्वजनिक दर्शनातून काढता येते किंवा उशिरा भरता येते, पण समुद्री गरुड वर्षानुवर्षे तेच घरटे वापरत असल्याने उशीर करून भागत नाही. त्यामुळे घरट्याचा फोटो आणि झाडाची खूण नोंदीत देऊच नये, आणि ठिकाण म्हणून केवळ गावाचे नाव द्यावे.