टच-अपचा ठिपका फसला तर

कारच्या दारावरचा टवका टच-अपच्या ब्रशने भरला आणि रंग फुगून मसुरीएवढा गोळा झाला, तर घाबरू नका. हा गोळा काढता येतो, आणि त्याचं कारण दोन रंगांच्या रसायनात आहे.

कारखान्यात बॉडीवरचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 140 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. त्या उष्णतेत रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं, ते थिनरने सहजी विरघळत नाही. बाटलीतला टच-अप रंग मात्र बहुधा नुसता वाळणारा असतो. द्रावक उडालं की थर उरतो आणि पुन्हा थिनर लागला की तो सुटतो. म्हणून ओला ठिपका पुसला तरी खालचा मूळ रंग शाबूत राहतो. पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाची मात्र ही खात्री नाही. तिथे आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनर लावून पाहा.

रंग लावून पाचेक मिनिटंच झाली असतील, तर जुन्या प्लॅस्टिक कार्डावर सुती कापड ताणून गुंडाळा, थिनरने जेमतेम ओलसर करा आणि ठिपक्यावरून एकाच दिशेने, एकदाच, हलक्या हाताने फिरवा. ताणलेलं कापड खड्ड्यात उतरत नाही. वरचा उंचवटा निघतो, खड्ड्यातला रंग राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्धवट वाळलेल्या रंगावर हात घातल्याने. वर साय धरलेली असते, आत रंग मऊच असतो. अशा वेळी घासायचा पेपर मारला की रंगाच्या वळ्या होतात आणि ठिपका मुळासकट उपटून येतो. जाड गोळा असेल तर आठवडाभर थांबा. सुरुवातीलाच पातळ हात देऊन दोन हातांमध्ये अर्धा तास सोडला, तर ही वेळच येत नाही.

कडक झालेल्या गोळ्याला 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा बारीक पेपर लागतो. खोडरबराच्या छोट्या तुकड्यावर तो गुंडाळा, पाण्यात दोन थेंब कार शाम्पू टाका, गोळ्याभोवती मास्किंग टेप लावा. पेपर टेपला घासायला लागला की टेप काढून 3000 चा पेपर आणि मग कंपाउंड, म्हणजे चमक आणणारी पेस्ट, लावा. क्लिअर कोटची जाडी 40 ते 50 मायक्रॉन, केसाहूनही कमी. त्यामुळे पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवा. आजूबाजूला पांढुरकं पाणी निघतंय तोवर फक्त क्लिअर कोट झिजतोय. गोळ्याचा रंग पाण्यात उतरणारच, पण शेजारच्या जागेतून रंगीत पाणी आलं तर तिथेच थांबा. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो, पॉलिशने भागत नाही.

पावसाळ्यात ठिपका दुधाळ दिसला तर दोष दमट हवेचा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं. कोरड्या दिवशी तो काढून पुन्हा लावा. रंग सुईच्या छिद्रांसारखा फाकत असेल तर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन उरलेलं आहे. सगळा रंग पुसा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा.

मेटॅलिक रंगात ठिपका गडद दिसतो, कारण ब्रशने लावलेल्या रंगात ॲल्युमिनियमचे कण फवाऱ्याने मारलेल्या रंगातल्यासारखे सपाट बसत नाहीत. घासून ते बदलत नाही. तिथे ठिपका खड्ड्यापुरताच ठेवणं हाच इलाज.

मेण महिनाभर लावू नका. आत अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट लागते.