पर्यायी हंगाम (फुटबॉल)

व्यावसायिक फुटबॉलच्या एखाद्या होऊन गेलेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या हंगामातील एक घटना बदलायची आणि तिथून पुढचे सर्व सामने सिम्युलेशन खेळावर (खऱ्या सामन्याची नक्कल करणाऱ्या खेळावर), फाशांनी किंवा संगणकावर, एकेक करून पुन्हा खेळवायचे, या छंदाला पर्यायी हंगाम म्हणता येईल. हा छंद जोपासणारा माणूस वेळापत्रक सांभाळतो, संघ निवडतो, निकाल नोंदवतो आणि शेवटी त्या न झालेल्या हंगामाचा इतिहास लिहितो. ‘असे झाले असते तर’ या थाटाच्या कथेत लेखक शेवटही स्वतःच ठरवतो. येथे मात्र बदल तेवढा खेळणाऱ्याचा, निकाल फाशांचा.

या खेळांची परंपरा अमेरिकेतल्या बेसबॉलपासून सुरू होते. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे डिक साइट्झ यांनी १९५१ मध्ये ‘ॲपबा’ हा खेळ विक्रीस आणला, तर हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ १९६१ मध्ये आला. प्रत्येक खरा खेळाडू एका कार्डावर उतरवायचा आणि फासे टाकून त्या कार्डावरून निकाल वाचायचा, ही त्यामागची कल्पना. फुटबॉलमध्ये संगणकाने हे काम हाती घेतले ते प्रामुख्याने पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज बंधूंच्या १९९२ मधील ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ पासून. त्याच परंपरेतील ‘फुटबॉल मॅनेजर’ मध्ये माहितीसाठा बदलण्याची सोय असल्याने संघ, खेळाडू आणि स्पर्धा हव्या तशा मांडता येतात.

विकतचा खेळ नसला तरी अडत नाही. दोन रंगांचे दोन फासे आणि एक आखीव वही एवढ्यावर हंगाम चालतो. लाल फासा दहं स्थानी आणि पांढरा एकं स्थानी वाचला की ११ ते ६६ असे ३६ निकाल मिळतात, आणि प्रत्येकाची शक्यता सारखी असते. समजा, स्वतःचे आक्रमण आणि प्रतिस्पर्ध्याचा बचाव लक्षात घेता एखाद्या संघाकडून सामन्यात सरासरी दीड गोल अपेक्षित आहेत. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या वाटपानुसार, म्हणजे सरासरीवरून प्रत्येक संख्येची शक्यता सांगणाऱ्या सूत्रानुसार, अशा संघाला एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, एका गोलाची ३३ आणि दोन गोलांची २५ टक्के येते. म्हणून ११ ते २२ पर्यंत शून्य, २३ ते ४२ एक, ४३ ते ५५ दोन, ५६ ते ६४ तीन आणि ६५ व ६६ ला चार गोल, असा तक्ता आखला की प्रमाण जवळजवळ तंतोतंत बसते. दोन्ही संघांसाठी एकेकदा फासे टाकले की निकाल हाती येतो. साध्या कागदावरचा हा तक्ता महिनाभर वापरल्यावर येणारा गुणतक्ता खऱ्या हंगामासारखा दिसू लागतो, तो क्षण विलक्षण आनंदाचा असतो.

या छंदाला सर्वांत समृद्ध विषय पुरवला तो इंग्लंडच्या १९३९–४० च्या हंगामाने. २ सप्टेंबर १९३९ च्या शनिवारी सामने झाले आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले. स्पर्धा थांबली, झालेले सामने अधिकृत नोंदीतून वगळले गेले. पहिल्या विभागात त्या वेळी तिन्ही सामने जिंकलेला ब्लॅकपूल ६ गुणांसह आघाडीवर होता. गतविजेता एव्हर्टन होता आणि त्याचा आघाडीपटू टॉमी लॉटन अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. बावीस संघांचे चारशेहून अधिक सामने उरले होते. युद्ध झालेच नाही, एवढा एकच बदल गृहीत धरून ते खेळवायचे. लीग परतली ती १९४६–४७ मध्ये, तीही याच अर्धवट हंगामाचे वेळापत्रक पुन्हा वापरून, आणि विजेता ठरला लिव्हरपूल. पर्यायी हंगामाचा निकाल ज्याच्याशी ताडून पाहावा असा दाखला इतिहासाने स्वतःच ठेवलेला आहे. खेळाडूंची मधली वर्षे मात्र त्यात नाहीत, आणि ती वर्षे कागदावर का होईना परत देणे ही या छंदाची सर्वांत जिव्हाळ्याची बाजू आहे.

काळाचे नियम काटेकोर पाळावे लागतात. १९३९ मध्ये विजयाला दोनच गुण होते. तीन गुणांची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१–८२ पासून आली. बदली खेळाडू नव्हते, त्यामुळे जायबंदी झालेल्या खेळाडूनंतर दहा जणांनीच खेळायचे. समान गुण झाल्यास गोलांची वजाबाकी करून चालत नाही, केलेल्या गोलांना स्वतःवर झालेल्या गोलांनी भागावे लागते.

सुरुवातीचा बदल एकच असावा, हा पथ्याचा पहिला भाग. मनाविरुद्ध निकाल लागला म्हणून फासे पुन्हा न टाकणे हा दुसरा, आणि अधिक अवघड. संगणकावर सेव्ह केलेला खेळ उघडून हरलेला सामना पुन्हा खेळता येतो. तसे एकदा जरी केले तरी तो हंगाम बाद समजावा. ४ मे १९४९ रोजी सुपर्गा येथील विमान अपघातात तोरिनो या इटालियन क्लबचा जवळजवळ संपूर्ण संघ मरण पावला. त्यांना जिवंत ठेवून हंगाम खेळवणाऱ्याला तर ते सामने हरू शकतात, हे आधीच मान्य करावे लागते.

नागपुरात या छंदाचा हंगाम म्हणजे मे महिना. पारा पंचेचाळिशीकडे गेला की दुपारी मैदाने ओस पडतात आणि कूलरसमोर वही उघडता येते. पाने उडू नयेत म्हणून वहीवर वजन ठेवावे आणि फासे फरशीवर घरंगळत जाऊ नयेत म्हणून परातीत टाकावेत. देशाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये नागपूरचा संघ कधीच नव्हता, म्हणून येथील स्वाभाविक पर्यायी हंगाम १९९६–९७ चा, म्हणजे फगवाड्याच्या जेसीटीने जिंकलेल्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा. त्यात कामठीच्या रब्बानी क्लबचे आणि नागपूरच्या यंग मुस्लिम, राहुल या क्लबांचे खेळाडू मिळून एक संघ उतरवायचा. अडचण आकड्यांची येते. स्थानिक सामन्यांचा निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावे जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात, पण त्यावरून गोव्याच्या किंवा कोलकात्याच्या संघाशी तुलना करता येत नाही. अशा वेळी आपल्या गावाच्या प्रेमापोटी आकडे फुगवू नयेत. गुणतक्त्याच्या खालच्या भागातल्या संघाइतकी, सामन्यामागे एका गोलाची, सरासरी धरावी. हावड्याला जाऊन खेळायचे तर अकराशे किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास होतो, त्याची वजावट परक्या मैदानावरच्या सामन्यात या सरासरीतून करावी. आणि तीच वजावट, त्याच प्रमाणात, उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात उतरणाऱ्या पाहुण्या संघाच्या रकान्यातही लिहावी.