आयटी प्रमाणपत्रांचे नूतनीकरण : पार्श्वभूमी

सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे सीसीएनए प्रमाणपत्र १९९८ मध्ये आले आणि ते तीन वर्षांच्या मुदतीने दिले जाते. संगणक दुरुस्तीचे ‘ए प्लस’ मात्र १९९३ पासून आजीव होते आणि सांगली-मिरज, साताऱ्याच्या क्लासमधून हार्डवेअर-नेटवर्किंग शिकून पुढे सहकारी बँका किंवा साखर कारखान्यांचे संगणक सांभाळणाऱ्या पिढीच्या तेच अधिक परिचयाचे होते.

मुदतीवरून वाद पेटला तो जानेवारी २०१० मध्ये. ‘ए प्लस’, ‘नेटवर्क प्लस’ आणि ‘सिक्युरिटी प्लस’ देणाऱ्या अमेरिकी उद्योगसंघटनेने तिन्ही प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत घातली आणि हा नियम आजीव म्हणून आधीच दिलेल्या प्रमाणपत्रांनाही लागू केला. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता टिकवायची तर ठरावीक काळाने पुनर्तपासणी हवी, हे संघटनेचे कारण तसे खोटे नव्हते. पण ज्या शब्दावर विसंबून लोकांनी परीक्षा शुल्क भरले तो मागाहून फिरवणे कोणत्याही मानकाने समर्थनीय ठरत नाही. ओरड इतकी झाली की काही आठवड्यांतच संघटनेला माघार घ्यावी लागली : ३१ डिसेंबर २०१० पर्यंत मिळवलेली प्रमाणपत्रे आजीवच राहिली आणि १ जानेवारी २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना मुदत लागली. अर्थात ही माघार कागदावर जेवढी पूर्ण दिसते तेवढी नव्हती, कारण अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामांसाठी आजीव प्रमाणपत्रधारकांनाही नूतनीकरणाच्या योजनेत नाव नोंदवणे भाग पडले.

फेरपरीक्षेऐवजी प्रशिक्षणाचे गुण जमवण्याची सोय त्याच योजनेने रुळवली. तीन वर्षांत ‘ए प्लस’साठी २०, तर ‘सिक्युरिटी प्लस’साठी ५० गुण लागतात. फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएलाही ३० गुणांचा असा पर्याय मिळाला.

२०२१ मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या बहुतेक प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांवरून एकच वर्ष केली, मात्र नूतनीकरणाची चाचणी विनाशुल्क आणि घरबसल्या ठेवली. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत केव्हाही ही चाचणी देता येते, नापास झाल्यास पुन्हा देता येते, आणि तिच्यासाठी साताऱ्याहून पुणे गाठावे लागत नाही. मुदत हुकली तर मात्र पैसे भरून मूळ परीक्षाच द्यावी लागते. नोकरीच्या ठिकाणच्या ईमेलवर नोंदणी करून नंतर नोकरी बदललेल्यांची इथेच पंचाईत होते, कारण आठवणीची पत्रे त्या बंद पडलेल्या खात्यावरच जात राहतात.