क्रिटिकल पाथ : प्रकल्प वेळापत्रकातील शोध आणि अहवाल

क्रिटिकल पाथ : प्रकल्पाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब भरते, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. प्रकल्प कमीत कमी किती दिवसांत पुरा होईल हे ही साखळी ठरवते. तिच्यातले एखादे काम एक दिवस रेंगाळले की शेवटची तारीखही एक दिवस पुढे जाते. मराठीत ‘निर्णायक मार्ग’ म्हणता येईल, पण साइटवर आणि प्लॅनिंगच्या खोलीत सगळे ‘क्रिटिकल पाथ’च म्हणतात आणि कामाच्या हाती असलेल्या सवडीला ‘फ्लोट’. या नोंदीतही तेच शब्द ठेवले आहेत.

‘क्रिटिकल’ या शब्दाने अनेकांचा घोटाळा होतो. अवघड, महागडे किंवा साहेबांच्या डोक्यात बसलेले काम म्हणजे क्रिटिकल काम नव्हे. प्रवेशद्वारापाशी बसवायच्या महागड्या संगमरवराला महिनाभराचा फ्लोट असू शकतो आणि स्लॅबवर फक्त पाणी मारत राहण्याचे दिवस क्रिटिकल असू शकतात. कोणते काम क्रिटिकल हे बैठकीत ठरत नाही, गणितातून निघते. गणितातले आकडे बदलले की उत्तरही बदलते.

या पद्धतीची मांडणी १९५६-५७ मध्ये अमेरिकेत झाली. डूपाँट या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर ती उभी केली. कारखाने उभारताना आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवताना वेळ व खर्च यांचा मेळ कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता. लुइव्हिल येथील कारखान्याच्या दुरुस्तीचा बंद काळ या पद्धतीने सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला, हे तिचे सर्वाधिक सांगितले जाणारे पहिले यश. जवळपास त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी पर्ट ही पद्धत तयार होत होती. तिच्यात प्रत्येक कामाला एकच मुदत न देता आशावादी, संभाव्य आणि निराशावादी अशा तीन मुदती धरतात. केली आणि वॉकर आपल्या साखळीला ‘मुख्य साखळी’ म्हणत. ‘क्रिटिकल पाथ’ हे नाव पर्टवाल्यांचे, अशी कबुली जेम्स केली यांनी पुढे दिली. १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी काम बाणावर न लिहिता चौकटीत लिहून चौकटी बाणांनी जोडण्याची रीत मांडली. आजची बहुतेक सॉफ्टवेअर तीच वापरतात.

गणित. एका छोट्या घराचे स्लॅबनंतरचे काम घेऊ. वीटकाम १० दिवस, मग भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून वायरिंग व प्लंबिंगचे पाइप ६ दिवस, प्लास्टर ८, फरशी ७ आणि रंग ६. दुसरीकडे पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची ऑर्डर दिली. त्या यायला २० दिवस लागणार. बसवायला ३ दिवस, पण प्लास्टर झाल्याशिवाय बसवता येत नाहीत आणि बसवल्याशिवाय रंग सुरू होत नाही.

आधी पुढे जात मोजायचे, म्हणजे प्रत्येक काम लवकरात लवकर केव्हा संपेल ते काढायचे. प्लास्टर २४व्या दिवशी संपते, फरशी ३१व्या, रंग ३७व्या. खिडक्या २०व्या दिवशी येतात, प्लास्टरसाठी थांबतात आणि २७व्या दिवशी बसतात. मग ३७पासून उलटे मागे यायचे आणि शेवट न हलवता प्रत्येक काम उशिरात उशिरा केव्हा संपले तरी चालेल ते काढायचे. खिडक्या बसवणे ३१व्या दिवशी संपले तरी चालते, म्हणजे त्याला ४ दिवसांचा फ्लोट. खिडक्या साइटवर येणे २८व्या दिवसापर्यंत चालते, म्हणजे एकूण फ्लोट ८ दिवस. त्यातले पहिले ४ दिवस मात्र खास आहेत. ते खर्च झाले तरी पुढच्या कामाला धक्काही लागत नाही. त्याला मुक्त फ्लोट म्हणतात. वीटकाम, पाइप, प्लास्टर, फरशी, रंग या पाचांना फ्लोट शून्य. हाच क्रिटिकल पाथ.

आता खिडकीवाल्याने ९ दिवस उशीर केला असे समजा. खिडक्या २९व्या दिवशी येतील, ३२व्या दिवशी बसतील आणि घर ३८व्या दिवशी पुरे होईल. उशीर एकच दिवसाचा, पण क्रिटिकल पाथ उडी मारून खिडक्यांवर गेला. ज्या प्लास्टरमागे मुकादम हात धुऊन लागला होता, त्याला आता एक दिवसाची सवड आहे. वेळ वाचवतानाही हेच घडते. मूळ वेळापत्रकात फरशीची जादा टोळी लावून ७ दिवसांचे ३ केले तर घर ४ दिवस आधी होते. त्यापुढे आणखी टोळी आणली तर फक्त मजुरी वाढते, कारण तोवर खिडक्या बसवण्याचे कामही क्रिटिकल झालेले असते.

शोध. खऱ्या प्रकल्पात हजारो कामे असतात आणि हे गणित प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर करते. सॉफ्टवेअरने लाल दाखवलेले सगळे म्हणजे क्रिटिकल पाथ, असे नवखे प्लॅनर धरून चालतात. सॉफ्टवेअर बहुधा ‘फ्लोट शून्य किंवा त्याहून कमी’ एवढीच चाळणी लावते. त्या चाळणीतून निघालेली यादी अनेकदा मार्गच नसते, तुटक तुकडे असतात.

तुकडे पडण्याचे एक कारण कॅलेंडर. सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारी, टोळी रविवारी सुट्टी घेते. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारत राहण्याला, रविवार नसतो. सहा दिवसांच्या आणि सात दिवसांच्या कॅलेंडरवरची कामे एकाच साखळीत आली की काहींचा फ्लोट शून्य दिसतो, काहींचा एक दिवस, आणि लाल रेघ मध्येच तुटते. महाराष्ट्रात यात पावसाळ्याची भर पडते. कोकणातल्या पुलाच्या पायाला मे महिन्यात कागदावर पाच दिवसांचा फ्लोट असतो. ते काम जूनच्या पहिल्या आठवड्यापलीकडे सरकले की थेट ऑक्टोबरमध्ये जाते. ज्या कॅलेंडरमध्ये पावसाळा बंद धरलेला नाही, त्यातला क्रिटिकल पाथ वाचण्यात अर्थ नाही. अशा वेळी फ्लोटची चाळणी सोडून सर्वांत लांब मार्ग शोधायचा. शेवटच्या कामापासून मागे येत, प्रत्येक कामाला खरोखर कोणत्या आधीच्या कामाने अडवून धरले आहे ते पाहत जायचे. प्रायमाव्हेरात त्यासाठी वेगळा पर्याय आहे.

दुसरे कारण सक्तीच्या तारखा. कंत्राटात ३१ मार्च लिहिले आहे म्हणून ‘३१ मार्चलाच संपले पाहिजे’ अशी अट टाकली आणि काम त्यापलीकडे जात असले की फ्लोट उणे होतो. उणे फ्लोट उपयोगी माहिती देतो, किती दिवस मागे आहोत ते सांगतो. पण वेळापत्रकाच्या मध्यावर अशा अटी पेरल्या तर प्रत्येक अटीपाशी एक खोटा क्रिटिकल पाथ तयार होतो. त्याच्या उलट चूक सुट्या टोकांची. ज्या कामाला पुढे काहीच जोडलेले नाही, त्याचा फ्लोट प्रकल्प संपेपर्यंत लांबतो आणि ते काम कधीच लाल होत नाही. लिफ्टच्या परवान्याचे काम असे सुटे राहिले, तर इमारत तयार असूनही ताबा देता येत नाही, आणि वेळापत्रकात त्याची खूणही नसते.

साखळी खरी आहे का हे तपासायला एक साधी युक्ती आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राट व्यवस्थापन संस्थेने ठरवलेल्या १४ कसोट्यांतही ती आहे. क्रिटिकल पाथवरच्या एका कामाची मुदत ६०० दिवसांनी वाढवून पाहायची. शेवटची तारीख तेवढीच पुढे गेली तर साखळी अखंड आहे. नाही गेली, तर कुठेतरी जोड तुटला आहे किंवा एखादी सक्तीची तारीख बांध घालून बसली आहे. तपासणी झाल्यावर ते ६०० दिवस काढून टाकायला विसरू नये. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण विसरणारे आहेत.

अहवाल. दरमहा साहेबांपुढे जाणारा क्रिटिकल पाथचा अहवाल बहुतेक ठिकाणी म्हणजे लाल पट्ट्यांची दहा-बारा पाने. त्यातून कुणालाच काही कळत नाही. चांगला अहवाल आधी कोणत्या तारखेपर्यंतची प्रगती धरली आहे ते सांगतो आणि त्या तारखेपासून शेवटपर्यंतची साखळी एका पानात दाखवतो. मग गेल्या महिन्यातली साखळी शेजारी ठेवतो. आजचा मार्ग वेगळा असेल तर तो कोणत्या कामामुळे हलला, हे वाक्यात लिहिलेले असते. ‘प्लास्टर ६ दिवस लांबले’ ही बातमी आहे. ‘खिडक्या ९ दिवसांनी लांबल्या म्हणून मार्ग प्लास्टरवरून खिडक्यांवर गेला आणि शेवट १ दिवस सरकला’ हा अहवाल आहे. त्याखाली जवळचे मार्ग यावेत, म्हणजे ज्यांचा फ्लोट उदाहरणार्थ दहा दिवसांहून कमी उरला आहे अशा साखळ्या. पुढच्या महिन्याचे संकट बहुधा त्यांतूनच येते.

एक चलाखी ओळखून ठेवावी. उशीर दिसू नये म्हणून उरलेल्या कामांच्या मुदती गुपचूप कमी केल्या जातात, किंवा दोन कामांमधला जोड काढला जातो. शेवटची तारीख जागेवर राहते आणि अहवाल हिरवा दिसतो. म्हणून नुसत्या तारखा जुळवून भागत नाही. मुदती आणि जोड यांतही काय बदलले ते मागावे.

फ्लोट कोणाचा, हा कंत्राटातला जुना वाद. ग्राहक म्हणतो माझा, ठेकेदार म्हणतो माझा. इंग्लंडच्या बांधकाम कायदा संस्थेने २००२ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमावलीचा कल असा, की कंत्राटात वेगळे लिहिलेले नसेल तर ग्राहकाच्या उशिराने त्या मार्गावरचा फ्लोट संपून शून्याखाली गेला तरच मुदतवाढ. थोडक्यात, जो आधी वापरेल त्याचा. म्हणूनच काही ठेकेदार मुदती मुद्दाम फुगवून फ्लोट लपवतात.

पद्धतीची एक मर्यादा गणितातच आहे. तीन साखळ्या एका कामापाशी मिळतात, प्रत्येक वेळेवर येण्याची शक्यता ७० टक्के आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे समजू. तिन्ही वेळेवर येण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के भरते. एकच सर्वांत लांब साखळी पाहणाऱ्याला हा धोका दिसत नाही. माणसे आणि यंत्रे पुरेशी आहेत असेही मूळ गणित गृहीत धरते. एकच क्रेन दोन इमारतींना लागत असेल तर कागदावरचा मार्ग आणि साइटवरचा मार्ग वेगळे पडतात. १९९७ पासून पुढे आलेली क्रिटिकल चेनची मांडणी हीच उणीव भरून काढू पाहते. तिच्यात माणसे व यंत्रांची अडवणूक साखळीतच मोजली जाते आणि प्रत्येक कामात लपवलेली सवड काढून एकत्र शेवटी ठेवली जाते.